करड्यातला निळा

डोळ्यावरची पट्टी सकाळी निघाली आणि दुपारच्या जेवणाआधीच त्याला कळलं, की घरातली चार लढाऊ विमानं निळी आहेत. निळी म्हणजे अगदी शाईसारखी नव्हेत. पण ज्याला रंग कळतो त्याच्या लेखी निळीच. दवाखान्यात सगळं झकास झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी उजव्या डोळ्यावरचा कापूस अलगद काढून "कसं दिसतंय?" विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "कुणीतरी भिंती धुतल्यात." त्या हसल्या. म्हणाल्या, मोतीबिंदू चांगलाच पिकला होता, चहाच्या रंगाचा झाला होता, इतके दिवस चालवलंत तरी कसं? डावाही तसाच आहे, महिन्याभरात तोही करून टाकू. तो म्हणाला, करून टाका, त्यात काय. त्याचं हे 'त्यात काय' सगळ्या नात्यात प्रसिद्ध होतं. टॅक्सीत बसल्यावर त्याने बायकोकडे बघून विचारलं, "हा स्वेटर नवीन घेतलास?" ती म्हणाली, "आठ वर्षं झाली. तुम्ही याला राखाडी म्हणता." स्वेटर फिकट जांभळा होता. तो मोठमोठ्याने हसला, टॅक्सीवाल्यालाही ही गंमत सांगितली, आणि त्याच हसऱ्या तोंडाने घरात शिरून, बूटही न काढता, बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटासमोर जाऊन उभा राहिला. हसू तोंडावर बराच वेळ राहिलं, पण आता ते कशासाठी आहे हे त्याला आठवेना.

कपाटात आठ विमानं होती. एकाच जातीची, एकाच तुकडीतली, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याची, प्रत्येकाच्या शेपटीवर वेगळा आकडा आणि सगळ्यांच्या अंगावर एकच करडा. एकच असायला हवा होता. तुकडी नऊ विमानांची. नववं आतल्या खोलीत टेबलावर प्रायमर मारून पडलं होतं. साधारण नऊ-दहा वर्षांचं काम. डावीकडची पहिली चार जशी हवीत तशी होती. पाचव्यावर निळ्याची नुसती फुंकर होती, सहाव्यात ती अंगभर पसरली होती, सातवं चक्क जांभळटलं होतं, आणि आठवं असं दिसत होतं, की त्याला रंगवताना कुणी खोलीतला दिवाच लावला नव्हता. घाबरलेल्या माणसाचे डोळे पांढरे होतात म्हणतात. त्याचे निळे झाले. त्याने उजवा डोळा मिटला आणि जुन्या डाव्याने पाहिलं. आठही विमानं एका रंगात, शहाण्या मुलांसारखी रांगेत उभी. डावा मिटून उजवा उघडला, की रांग घसरत घसरत अंधाराकडे निघालेली. पुन्हा डावा, पुन्हा उजवा.

"डोळा चोळू नका हं," स्वयंपाकघरातून बायको ओरडली.

"चोळत नाहीये."

"मग इतका वेळ काय करताय तिथे?"

"डोळे मारतोय."

"कुणाला?"

"विमानांना."

"बरं," ती म्हणाली, आणि नळ सुरू झाला.

ज्या माणसाला दुनिया 'डोळा' म्हणते, त्याच्यावर ही वेळ यावी हा काही साधा विनोद नव्हता. अपघातात चेपलेल्या गाड्या जिथे दुरुस्त होतात अशा मोठ्या वर्कशॉपमध्ये तो रंग जुळवायचं काम करत होता. तिथे त्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. "डोळ्याला दाखवलं का?" असं विचारल्याशिवाय एकही दार, एकही बोनेट बाहेर जात नसे. लोकांना वाटतं लाल म्हणजे लाल. पण पाच वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या लाल गाडीला नवा लाल दरवाजा लावला तर तो दुसऱ्याच्या घरचा पाहुणा दिसतो. डोळा त्या लालमध्ये थेंबभर पिवळा, सुईच्या टोकाएवढा काळा घाली, एक पट्टी रंगवून दाराशेजारी धरी, मान एकदा डावीकडे एकदा उजवीकडे वाकडी करी आणि म्हणे, "मारा." मारलेला रंग गाडीत असा मुरून जाई, की मालकालाच आपला कोणता दरवाजा फुटला होता ते सांगता येत नसे. पुढे यंत्र आलं. नळी दाराला टेकवली, की पडद्यावर आकडे उमटायचे, किती पिवळा, किती काळा. तेव्हापासून डोळ्याकडे फक्त शेवटची मान हलवणं उरलं होतं. यंत्राला तो 'नवीन जावई' म्हणत असे: कामाचं काही नाही, पण मान द्यावा लागतो. आता त्याच्या लक्षात आलं, की गेली कित्येक वर्षं त्या जावयानेच आपली अब्रू झाकली होती. आणि नमुना शेजारी असला, की तसाही चहातून बघणारा डोळा फारसा फसत नाही, कारण नमुनाही चहातच बुडालेला असतो. फसतो तो नमुना मनात असला की.

आणि घरी तो नमुना कधी वापरत नसे. ही त्याची मिजास होती. विमानांच्या किटबरोबर रंगांचे क्रमांक छापलेले येतात; जगभरचे शौकीन त्या क्रमांकांवरून भांडतात; तयार बाटल्या मिळतात. तो म्हणे, दिवसभर नक्कल करणाऱ्या माणसाने घरी येऊन पुन्हा नक्कलच का करायची? म्हणून तो प्रत्येक वेळी करडा मुळापासून मिसळत असे, पांढरा, काळा, निळा, कणभर तांबडा, आणि तोही कपाटातल्या आधीच्या विमानाकडे न बघता, आतल्या खोलीचं दार लावून. त्यात पांढऱ्याचं एक गुपित होतं. खऱ्या विमानाचा अचूक रंग वीतभर विमानाला फासला, तर ते खेळण्यासारखं काळवंडलेलं दिसतं. कारण खरं विमान आपण लांबून बघतो, आणि मधली हवा त्याला फिकट करते. म्हणून छोट्या विमानाच्या रंगात थोडा पांढरा घालावा लागतो. त्याला तो 'हवेचा हिस्सा' म्हणे. आता उभ्या उभ्या त्याला हेही उमगलं, की अलीकडे पांढरा रंग डोळ्यांत खुपायचा म्हणून तो हवेचा हिस्सा दर विमानाला कमी कमी करत गेला होता, आणि करडा पिवळट दिसतो म्हणून निळा वाढवत. आठवं विमान असं बिनहवेचं झालं होतं.

तो मनातला करडा शाळेच्या मैदानावरचा होता. कवायत चालू होती, पांढरे मोजे घातलेली पोरं रांगेत, आणि मैदानाच्या टोकाकडून अचानक नऊ विमानं इतकी खालून आली, की कवायतीच्या मास्तरांनी स्वतःच जमिनीवर लोळण घेतली. सगळ्यांनी कान झाकले. त्याने डोळे उघडे ठेवले. पोटाखालचा तो करडा त्याला एवढाच वेळ दिसला, जेवढा वेळ माणसाला शिंक यायला लागतो. पण दिसला तो कायमचा. घरी येऊन त्याने आईला सांगितलं, आई, असा रंग होता. असा म्हणजे कसा? आई हातातलं काम टाकून घरभर वस्तू दाखवत फिरली. हा तव्याच्या पाठीसारखा? नाही. या छत्रीसारखा? नाही. पारव्याच्या मानेखालचा? जवळ, पण नाही. शेवटी ती दमून खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मग डोक्यातच ठेव बाबा. तिथे कुणी सांडणार नाही." त्याने ठेवला. आयुष्यात काही गोष्टींची त्याला खात्री होती, त्यात बायको होती, आपला हात होता आणि तो करडा होता.

हातपाय गाळून बसणाऱ्यांतला तो नव्हताच. पहिल्या घासाला धक्का, दुसऱ्याला राग, आणि ताट रिकामं होईतो त्याचा बेत ठरलासुद्धा. जुन्या धावपट्टीजवळच्या विमान संग्रहालयाची बाई पुढच्या महिन्यात येणार होती. तिने फोटो पाहून सगळी तुकडी मागितली होती: मुख्य दालनात काचेची पेटी, नऊ विमानं, खाली पितळी पाटीवर त्याचं नाव. ते नाव तिथे कसं दिसेल हे त्याने आंघोळ करताना अनेकदा पाहिलं होतं. तर चार विमानांचा रंग उतरवायचा, नव्याने चढवायचा आणि नववंही त्याच डोळ्याने संपवायचं. त्यात काय. टेबलाखाली वर्कशॉपमधून आणलेली ब्रेक ऑइलची बाटली होती. ब्रेक ऑइलचा थेंब बोनेटवर सांडला, तर रंग फुगून निघून येतो हे त्याच्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. विमानाला त्यात बुडवून ठेवलं, की काही तासांत आतलं कोरं प्लास्टिक हाती येतं. त्याने प्लास्टिकचा पसरट डबा बाहेरच्या खोलीत आणला, त्यात तेल ओतलं, कपाट उघडलं, आणि आधी आठवं बाहेर काढलं, कारण गुन्हेगारांत थोरला तो होता.

"आडवे व्हा," बायको म्हणाली. तिच्या हातात डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली होती. तो सोफ्यावर आडवा झाला. तिने अंगठ्याने खालची पापणी ओढून धरली.

"वर बघा. हे डबडं कसलं?"

"ब्रेक ऑइल."

"आणि आठवं बाहेर का काढलंय?"

आठवं. त्याला वाटत होतं तिला सगळी विमानं सारखीच दिसतात. "रंग उतरवायचाय. चार विमानांचा चुकलाय."

थेंब डोळ्यात न पडता गालावर पडला. "कोणत्या चार?"

"पाचवं, सहावं—"

"सातवं, आठवं," तिने पुरं केलं.

तो उठायला गेला, पण तिचा अंगठा पापणीवर होता. "म्हणजे तुला दिसत होतं?"

"डोळे आहेत मला. हलू नका."

"इतकी वर्षं? आणि बोलली नाहीस?"

"बोलले होते की. पाचवं आणून ठेवलंत तेव्हा म्हटलं, अहो, हे जरा निळसर नाही का वाटत? तुम्ही म्हणालात, आता रंगातलं तू मला शिकवणार का?"

"असं म्हणालो मी?"

"हसून म्हणालात. म्हणून तर पुढे काही बोलता येईना." दुसरा थेंब बरोबर पडला. जग क्षणभर पाण्याखाली गेलं. "मिटा आता डोळा."

"ठीक आहे, झालं ते झालं," तो डोळा मिटून म्हणाला. "आता उतरवून टाकतो. आधी आठवं, मग—"

"नाही."

"काय नाही?"

"उतरवायचा नाही रंग. त्या चारांना हात लावायचा नाही."

तिने आवाज चढवला नव्हता. पण लग्न झाल्यापासून तिचं असं उघडंवाघडं 'नाही' त्याने ऐकलं नव्हतं. तिचे नकार नेहमी 'बघू' किंवा 'तुमचं तुम्ही ठरवा' असे शिष्ट कपडे घालून येत. त्याने एक डोळा उघडला. ती डब्याला झाकण लावत होती, आणि झाकण दुसऱ्याच डब्याचं असल्यामुळे लागत नव्हतं, तरी ती लावतच होती.

"अगं, विमानं माझी आहेत," तो म्हणाला.

"विमानं तुमची असतील. संध्याकाळ माझी आहे. माझी आणि आईंची."

मग तिने सांगितलं. झाकण हातात तसंच ठेवून, त्याच्याकडे न बघता. आईंचा पलंग इथेच होता, जिथे आता तुम्ही पडलाय. कमरेचं हाड मोडलं तेव्हापासून चार वर्षं. खिडकीतून निदान आभाळ तरी दिसायचं; मग समोरची इमारत उठली आणि खिडकीत भिंतच आली. दिवसभर ट्यूबलाइट. सकाळ, दुपार, सगळं एकाच रंगाचं. आई सारख्या विचारायच्या, संध्याकाळ झाली का गं? मी म्हणायची झाली, तर म्हणायच्या, मला कशी दिसत नाही? "मग एक दिवस त्याच म्हणाल्या, ती बघ, कपाटात होतेय संध्याकाळ. तेव्हा तुम्ही सहावं नुकतंच ठेवलं होतं. मला म्हणाल्या, डावीकडून बघत ये. ही चार दुपारची. हे ऊन कललेलं. आणि हे बघ, दिवेलागणीला आलं. मी बघितलं, तर खरंच. तेव्हापासून आमचं तेच घड्याळ झालं. सकाळी मी विचारायची, आई, आज कितव्यात? बरं असलं की म्हणायच्या, आज दुसऱ्यात आहे, चांगलं ऊन आहे. दुखत असलं, की नुसतं बोट दाखवायच्या, सातव्याकडे. मला पण विचारायच्या. तू कितव्यात गं? नोकरी सोडली त्या दिवशी मी सहावं म्हणाले होते."



"तुम्ही मुद्दाम करताय असं वाटायचं त्यांना," ती म्हणाली. "मला सांगायच्या, बघ, तोंडाने बोलत नाही, दार लावून बसतो, पण माझ्यासाठी संध्याकाळ करून आणतो. मी कशाला सांगू, की चुकलंय म्हणून? मला स्वतःलाच नक्की माहीत नव्हतं. मला वाटायचं, असेलही."

झाकण टेबलावर ठेवून ती आत गेली. जाताना आठवं मात्र उचलून, दोन बोटांत पंखाच्या मुळाशी नीट धरून, त्याच्या जागेवर ठेवून गेली. विमान कुठे धरावं हे तिला त्याने कधीच शिकवलं नव्हतं.

पहिल्यांदा त्याला राग आला, आणि तो रागाला कधी आडकाठी करत नसे. चहातून बघणाऱ्याला सगळं जग चहाच्या रंगाचं, ठीक आहे. पण आपण अचूकतेच्या ज्या शिखरावर बसलो आहोत असं समजत होतो, तिथून हातभर अंतरावर दोन बायका आपल्या चुकीवर घड्याळ लावून बसल्या होत्या, हे काही केल्या गिळवेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. वर आणखी त्याला त्या अंधाराचं श्रेय दिलं गेलं होतं. न केलेल्या गोष्टीची शिक्षा माणूस भोगू शकतो, भांडू शकतो. न केलेल्या मायेचं काय करायचं? ती परत कुणाला द्यायची? आतल्या खोलीचं दार तो लावून घेई, ते खरं तर आईसाठीच. रंगाचा वास तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून दाराच्या फटीत ओलं फडकंसुद्धा खुपसत असे, आणि एवढं केल्यावर आपण मुलाचं कर्तव्य केलं असं मानून सुखाने एअरब्रश हातात घेत असे. बाहेर आल्यावर आई विचारायची, "नववं कधी रे?" दर वेळी. तो म्हणायचा, "होईल आई, घाई कशाला? चांगल्या कामाला वेळ लागतो." त्याला वाटायचं, आईला कौतुक आहे. वर्कशॉपमध्येही त्याने सांगितलं होतं, म्हातारी पडल्या पडल्या माझ्या विमानांची चौकशी करते. आता त्या प्रश्नाचा अर्थ त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याला तो नको झाला. एखाद्या घरात रात्र होत नाही म्हणून कुणी जागं असावं, आणि ज्याच्या हातात रात्र आहे त्याने घाई कशाला म्हणावं. त्याला आईची फार आठवण आली. तिच्या अंत्ययात्रेला आली होती त्याहून जास्त, आणि तेव्हाच्यापेक्षा वेगळी. तेव्हा एक म्हातारी गेली होती, आता त्याच्याशी चार वर्षं बोलत असलेलं कुणीतरी गेलं होतं.

तो सोफ्यावरच होता. त्याने उशी जराशी खाली सरकवली, पलंग असावा तेवढी मान केली, डावा डोळा मिटला आणि नव्या डोळ्याने कपाटाकडे पाहिलं. ट्यूब चालू होती, खिडकीत समोरच्या इमारतीची भिंत होती. आणि कपाटात ऊन होतं. डावीकडच्या चार विमानांवर स्वच्छ, कोरडं, शाळेच्या मैदानावरचं. पाचव्याच्या शेपटीपाशी ते जरा मऊ झालं होतं. सहाव्यात सावल्या लांबल्यासारख्या. सातव्यात, त्याला शपथेवर सांगता आलं असतं, हवा गार झाली होती. एवढी सफाईदार संध्याकाळ त्याला ठरवून कधीच करता आली नसती. तो रंग चुकलाय हे जितकं खरं, तितकंच हेही खरं होतं, की हे काम चांगलं झालंय. आणि कामाच्या बाबतीत तो स्वतःशीही खोटं बोलत नसे. त्याने डावा डोळा उघडून पाहिला. आठही विमानं एका रंगात आली, बिनचूक आणि बिनवेळेची. त्याची चार वर्षं त्या खोलीत अशी गेली होती. महिन्याभराने डॉक्टरीणबाई हाही डोळा करणार, मग ही एकसारखी रांग जगात कुठेच उरणार नव्हती. उरली नाही तर नाही, असं त्याला वाटलं, आणि हे वाटणं खरं आहे का, म्हणून त्याने पुन्हा एकदा तपासून पाहिलं. खरं होतं.

ब्रेक ऑइल त्याने परत बाटलीत ओतलं. थेंब न सांडता. मग संग्रहालयाच्या बाईला फोन लावला.

"तुकडी देता येणार नाही," तो म्हणाला. "रंग चुकलाय."

"फोटोत तर उत्तम दिसतोय हो."

"फोटोला काय कळतंय?"

"मग दुरुस्त करा ना. तुम्हाला काय अवघड आहे?"

"अवघड काहीच नाही. करायचं नाही."

"सगळ्यांचाच चुकलाय का?"

"पहिली चार बिनचूक आहेत. जगात कुठेही दाखवा."

"मग चारच द्या. दालनात नाही, पण जिन्याजवळच्या पेटीत बसतील. पाटीही लावू."

पाटी म्हटल्यावर त्याला मोह झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. पितळी असो, जिन्याजवळ असो, पाटी ती पाटीच. त्याने कपाटाकडे पाहिलं. "चार तुम्हाला दिली तर इकडे एकदम संध्याकाळ होईल," तो म्हणाला. "दुपार नको का आधी?"

"काय म्हणालात?"

"काही नाही. घरची आहेत ती, घरीच राहू देत."

फोन ठेवल्यावर त्याला वाईट वाटलं, चांगलं अर्धा तास वाटलं, आणि तेवढ्या वेळात त्याने स्वतःच चहा केला. बायकोपुढे कप ठेवत म्हणाला, "नाही म्हणून सांगितलं." ती म्हणाली, "ऐकलं मी." आणि कप उचलताना त्याच्या मनगटाला तिने उगीचच हात लावला.

चार-पाच दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी, धुरळ्यात जायचं नाही आणि चष्मा काढायचा नाही या अटींवर, त्याला टेबलाशी बसायची मोकळीक दिली. त्याने आतल्या खोलीचं दार उघडं ठेवलं आणि बायकोला हाक मारली. त्या खोलीत एकच स्टूल होतं. इतक्या वर्षांत दुसऱ्याची गरज पडली नव्हती. त्याने तिला स्टुलावर बसवलं, स्वतः उभा राहिला, काचेच्या वाटीत पांढरा घेतला, काळा घेतला, आणि निळ्याची बाटली हातात धरून म्हणाला, "आता तू सांगायचं. आठव्यानंतरचं."

"मला काय कळतंय रंगातलं?"

"मला तरी कुठे कळत होतं? सांग."

तो थेंब थेंब निळा सोडत, काडीने ढवळत गेला. ती एकदा वाटीत बघायची, एकदा उघड्या दारातून बाहेरच्या कपाटाकडे. अजून, म्हणाली. अजून. आता जरा तांबडा घाला, किंचित. तो घालत गेला. जाणूनबुजून चुकणं किती अवघड असतं हे त्याला तेव्हा कळलं. एकेका थेंबाला हात अडत होता. मग तिने त्याच्या कोपरावर बोट ठेवलं. "बास." त्याच्या मते आणखी एक थेंब चालला असता. त्याने बाटलीला झाकण लावलं.

सकाळी मारलेला रंग दुपारपर्यंत वाळला. काळोख पडायच्या अगदी अलीकडचा, ज्यात माणसाचा चेहरा कळतो पण भाव कळत नाही, असा करडा झाला होता. आकडे चिकटवले, काच बसवली. पंखांच्या टोकांना दोन इवले दिवे असतात, डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा. पहिल्या आठांना ते त्याने विझलेलेच रंगवले होते, कारण भर दिवसा दिवे लावून कोण उडतं? त्याने सगळ्यात बारीक कुंचला उचलला. ती जवळ येऊन उभी राहिली.

"हे लावणार?" तिने विचारलं.

"काय?"

"दिवे. आई म्हणायच्या, नवव्यात दिवे लागतील बघ. म्हणून वाट बघायच्या."

"अंधाराची नाही?"

"अंधाराची कशाला बघतील? दिव्यांची."

त्याने खाली आधी चंदेरी ठिपका दिला, म्हणजे वरचा तांबडा आतून पेटल्यासारखा दिसतो. तो वाळेपर्यंत कुंचला पुसला. मग, ज्याची त्याला भीती वाटत होती ते विचारलं. "शेवटी कितव्यात होती?"

"आठव्यातच," ती म्हणाली. "फार दिवस आठव्यातच होत्या."

त्याचा हात हलला नाही. हाताची त्याला खात्री होतीच. तांबडा ठिपका बरोबर चंदेरीवर बसला आणि पंखाच्या टोकाला दिवा लागला. पण समोरचं विमान ओलं होऊन पसरायला लागलं, तशी तिने त्याच्या हातातून कुंचला काढून घेतला आणि पदरात लहान मूल घ्यावं तसं त्याचं डोकं त्या जांभळ्या स्वेटरला टेकवून धरलं.

"रडू नका," ती म्हणाली. "आत्ताच घातलेत थेंब, वाहून जातील."

"डाव्यातून येतंय," तो म्हणाला. "तो जुनाच आहे अजून. हिरवा दे इकडे."